गवताचा पूल आणि आबांची इर्जिक

आत्या: पोचले. रेंज मिळेल तसे फोटो टाकते. पेरूतल्या कुस्को शहराहून इथवर नुसते डोंगर, आणि खोल खाली अपुरिमाक नदी.

काकू: वन्सं, दम लागतोय का अजून? परवा आवाज फार थकलेला होता.

आत्या: आता बरी आहे वहिनी. कुस्कोच ३,४०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस चार पायऱ्या चढले तरी थांबावं लागायचं. कोकाच्या पानांचा चहा घेतला आणि पडून राहिले.

दादा: आत्या, माचू पिक्चूला किती वेळ लागतो? पुढच्या वर्षी आम्ही दोघं येतोय. राजधानी लिमा धरून सहा दिवस बसवलेत.

आत्या: सहा कमी पडतील रे. माचू पिक्चू बघच, माझ्या डोळ्यांत पाणी आलं तिथे. पण ते स्पॅनिशांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचं जुनं शहर, तिथे आज कुणी राहत नाही. तेवढंच बघितलंस तर इंका म्हणजे रिकामी दगडी घरं, असं मनात घेऊन परतशील. ओल्लान्तायताम्बोला मुक्काम कर. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक अजून नांदतात, कडेने पाटाचं पाणी वाहतं. चिंचेरोला बायका लोकर रंगवतात. निवडुंगावरचे कोचिनील किडे तळहातावर चिरडले की लालभडक रंग, त्यात लिंबू पिळलं की नारिंगी. आणि जमलं तर जूनमध्येच ये.

मी: इंती रायमीसाठी?

आत्या: तो आहेच, २४ जूनला. स्पॅनिशांनी बंद पाडलेला सूर्याचा सण, १९४४ पासून पुन्हा होतो. पण मी आले ते क्वेस्वाचाकासाठी. दरीवर गवताचा झुलता पूल आहे, २८ मीटरच्या आसपास लांब. दर जूनला चार गावं मिळून तो नव्याने विणतात आणि जुना तोडून नदीत सोडतात. इंकांकडे चाकाची गाडी नव्हती, रस्त्यावर माणसं आणि लामा. त्यांना असा पूल पुरायचा. आता शेजारी लोखंडी पूल आहे, तरी हा विणतात.

आबा: दोर कसे वळतात?

आत्या: आबा, तुम्ही हे विचारणार हे मला माहीत होतं! गवताला कोया म्हणतात. ते भिजवून दगडाने ठेचतात. बायका दोन तळहातांत बारीक दोरी वळतात, प्रत्येक घराने ठरलेली दोरी आणायची. तिच्या कित्येक पदरांचा जाड दोर, आणि तीन जाड दोरांची वेणी घालून मुख्य दोर. असे चार पायाखाली, दोन हाताला धरायला.

आबा: आपण अंबाडीचा वाख काढून चऱ्हाट वळायचो, तसंच. मजुरी कोण देतं त्यांना?

आत्या: पूल चारही गावांचा, म्हणून प्रत्येक घरचं माणूस येतंच. शेतातही तीच रीत. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्याला अय्नी म्हणतात.

आबा: ही आपली सावड. औतं घेऊन आले की इर्जिक. माझ्या लहानपणी एका शेतात दहा-दहा औतं चालायची. नांगरट झाली की त्या घरी सगळ्यांना जेवण.

आत्या: इथेही आधी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला नैवेद्य. चिचा, म्हणजे मक्याची दारू, पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडतात. मला तुमची पानाभोवतीची चित्राहुती आठवली.

काकू: अंगावर काटा आला वाचून.

मी: एखाद्या वर्षी विणला नाही तर?

आत्या: झालं ना तसं. २०२० मध्ये कोरोनामुळे विणता आला नाही, मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. पहिला दोर पलीकडे न्यायला जुना पूलच उरला नव्हता. तरी त्याच जूनमध्ये पुन्हा विणला त्यांनी. २०१३ मध्ये युनेस्कोने या विद्येची नोंद घेतली ती उगीच नाही. दगड आहेत तिथे राहतात रे, पण ही विद्या दरवर्षी हातांतून गेली नाही तर संपते. म्हणून म्हणते, दिवस वाढव.

दादा: लिमाचे दोन दिवस कमी करतो. जूनचा कोणता आठवडा?

आत्या: साधारण पहिला पंधरवडा. तिकीट काढण्याआधी तारीख नक्की कर.

आबा: त्यांना विचारून वीतभर दोरी घेऊन ये. मला पीळ बघायचाय.