अनुभव धागा : साठीनंतरचा आरोग्य विमा आणि महिन्याच्या गोळ्या

हप्ता दरवर्षी चढतो, तरी रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात. ज्येष्ठांचे क्लेम, औषधं, तक्रारी हाताळणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं: पैसा कुठे अडकतो आणि कसा सुटतो.

क्लेमडेस्क
सगळ्यात जास्त फटका खोलीभाड्याचा. पॉलिसीत मर्यादा रोज 5,000 आणि घेतली 8,000 ची खोली, तर फक्त वरचे 3,000 जात नाहीत, बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर मिळून 80,000 झाले असतील, तर 5/8 म्हणजे 50,000 च मंजूर होतात. मात्र औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या दरावरही नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलात तर ती मुळीच लागू नाही. सेटलमेंटचं पत्र ओळीओळीने वाचा. औषधांच्या ओळीत कपात दिसली तर लेखी हरकत घ्या.

दुसरं, घरी आल्यानंतरची औषधं. बऱ्याच पॉलिसींत भरतीआधीचे 30 आणि डिस्चार्जनंतरचे 60 दिवस धरतात. लोक डिस्चार्जच्या दिवशीच फाईल बंद करतात आणि हे पैसे सोडून देतात. औषध त्याच आजाराचं हवं. हृदयासाठी भरती झाली असेल तर जुन्या थायरॉईडच्या गोळीचं बिल त्यात घालू नका, त्यामुळे बाकीचीही बिलं रखडतात. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची तारखेची चिठ्ठी जोडा.

औषधदुकान
चिठ्ठीवर ब्रँड असतो, जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) घटकाच्या नावाने मागावं लागतं. घटक, मिलिग्रॅम आणि नावापुढची अक्षरं, तिन्ही जुळायला हवीत. मेटफॉर्मिन 500 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर एक नव्हेत. एसआर हळूहळू सुटते, ती मोडून किंवा कुटून देऊ नये. जोडगोळी असेल तर दोन्ही घटक तपासा. नाहीतर बीपीची टेल्मिसार्टन नवी येते, जुन्या जोडगोळीतही ती असतेच, आणि म्हाताऱ्या माणसाला दुप्पट डोस जाऊन उठताना चक्कर येते. थायरॉक्सिन (थायरॉईडची), वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी) आणि फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. वॉरफरिन बदललीच तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) पुन्हा तपासावा लागतो. बाकी बहुतेक औषधांत 50 ते 80 टक्के बचत होते. पेन्शनवर जगणाऱ्या घरात हा आकडा फार मोठा आहे.

हप्त्याचा हिशेब
जाहिरातीतला क्लेम सेटलमेंट रेशो दाव्यांची संख्या सांगतो. लाखाच्या दाव्यात साठ हजार दिले तरी तो दावा निकाली. कंपनी हप्त्यातलं किती परत देते ते इन्कर्ड क्लेम रेशोत दिसतं. शंभरातले पंचावन्नच दाव्यांवर गेले, तर उरलेले कमिशन, खर्च आणि नफ्यात. कंपनीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक माहितीत तो सापडतो. जानेवारी 2025 पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, सल्लामसलत करावी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही. नूतनीकरणाची नोटीस जुन्या पावतीशेजारी ठेवून मूळ हप्ता ताडा; कर गेला आणि मूळ हप्ता वाढला, तर एकूण रकमेत वाढ झाकली जाते.

पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करा.

वयवंदना
सत्तरीपुढे उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांचं आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आधी दुरुस्त करा. खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना एकच निवडावं लागतं. ओपीडीच्या गोळ्या यातही नाहीत, डिस्चार्जनंतर 15 दिवसांचीच औषधं.

क्लेमडेस्क
तक्रारीचं राहिलं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जा. नकार फोनवर ऐकून घेऊ नका, पॉलिसीचं कलम लिहिलेलं पत्रच मागा.