मोहन पार्कात गेलेल्या आजीबद्दल कुठं शोधायचं?

भिवापूरची_मिरची

नमस्कार मंडळी. उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या एका लहान गावात मी आशा सेविका आहे. ३ जानेवारीला ग्रामपंचायतीत सावित्रीबाईंच्या जयंतीला दहा मिनिटं बोलायचं काम यंदा माझ्याकडं आलंय. दरवर्षी तेच असतं. फोटोला हार, शेणाची गोष्ट, मग चिवडा. मला या वेळी माझ्या आजीबद्दल बोलायचंय, पण माझ्याकडं तिची चार वाक्यं सोडून काही नाही.

आजीला गावात सगळे 'नागपूरवाली' म्हणायचे. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात हे तुम्हाला माहीत आहेच, पण आजीचं माहेर नागपूर नव्हतं, पवनीकडचं होतं. लग्न झाल्यावर ती आजोबांसोबत नागपूरला मिलमध्ये गेली आणि बारा-तेरा वर्षांनी परतली, म्हणून नागपूरवाली. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेही चुकीचं लिहिलेलं.

आजोबा साच्यावर म्हणजे मागावर होते, आजी रीळखात्यात. आता गंमत बघा. 'म्हातारा मिलमध्ये होता' हे अख्ख्या गावाला पाठ आहे. पारावर कोणालाही विचारा, त्याचा पगारसुद्धा सांगतील. आजीही त्याच भोंग्याला उठून त्याच फाटकातून आत जायची, हे आमच्या घरातही कोणी वेगळं सांगत नाही. मलाही माहीत होतं, पण मी कधी ते धरलंच नाही. दोघं ५६ साली दीक्षेला गेले होते. त्याबद्दल तिला सगळे विचारायचे, मीही विचारलं. त्याच्या आधीचं कोणी विचारलं नाही.

ती रागावली की एक वाक्य ठरलेलं: "मले नोको शिकवू, मी मोहन पारकात गेलती." आम्हा पोरांना वाटायचं बाग असेल, झुले असतील. एकदा विचारलं तर म्हणे, "झुले कायचे वं? बायाच बाया होत्या. चिखल मस्त होता, तुया मोठाबाबा पोटाशी बांधला होता. अन् एक बाई उठून बोलली का लेकरं कमी होऊ द्या. आमी पदर तोंडात कोंबून हासलो."

एवढंच. ती १९९८ मध्ये गेली. तर हे मोहन पार्क काय आहे? ती बाई कोण? आणि मिलमध्ये, बिडीत राबलेल्या या बायांचं कुठं काही लिहिलेलं आहे का, की सगळं असंच चार वाक्यांत संपलं?

कन्हानकाठ

ताई, तुमची आजी खरं सांगत होती. नागपूरच्या मोहन पार्कात २० जुलै १९४२ ला अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. त्याआधी १८ आणि १९ तारखेला तिथंच मोठी परिषद होती, बाबासाहेब आलेले होते. बायांचा आकडा २० ते २५ हजार सांगतात. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि संततिनियमनावर बोलणाऱ्या त्याच. तुमची आजी पदर तोंडात कोंबून हसली ती त्यांच्या भाषणाला. १९४२ साली अमरावतीची एक बाई हजारो बायांसमोर हे बोलली, विचार करा. आज तुम्ही आशा म्हणून हेच दारोदार सांगता, हसणं तर अजूनही थांबलेलं नसेल.

सरकीची_ढेप

राग मानू नका ताई, पण ही समाजाची परिषद झाली, कामगारांची नाही. नागपूरची कामगार चळवळ म्हणजे एम्प्रेस मिल, मॉडेल मिल, रुईकरांची युनियन, संप. त्यात बाया नव्हत्या असं म्हणत नाही, पण दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. भाषणात फसाल.

तांडापेठचे_काका

सरकीभाऊ, फसणार नाहीत. मी मिलच्या चाळीत जन्मलो, माझी मायही त्याच खात्यात होती, म्हणून जरा लांबण लावतो.

'ही समाजाची, ती कामगारांची' अशी वाटणी तुमच्या-माझ्या वहीत होते. माझ्या मायला सकाळी एकच अंग होतं. ते घेऊन ती मिलमध्ये जायची आणि तेच घेऊन सभेला. त्या परिषदेत काय ठराव झाले ते वाचा. घटस्फोटाचा हक्क कायद्यात यावा, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी यावी, हे तर होतंच. पण एक ठराव निव्वळ कामगार बायांचा आहे. मिल, बिडी, नगरपालिका आणि रेल्वे इथल्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा द्या, कामावर इजा झाली तर भरपाई द्या, २० वर्षं नोकरी झाली की महिन्याला किमान १५ रुपये पेन्शन द्या. आणखी एक मागणी होती की मिलमध्ये बायांच्या खात्यावर देखरेखीला बाईच नेमा. ही शेवटची मागणी कशासाठी ते ज्याची माय खात्यात होती त्याला समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाची नजर, मुकादमाचा हात, आणि तक्रार केली की तुटलेल्या धाग्याचा दंड. माय हे अण्णांसमोर, म्हणजे माझ्या वडलांसमोर, कधी बोलली नाही, मावशीशी बोलायची, आम्ही गोधडीत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो.

आणि वेळ बघा. बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमणूक झाली ती त्याच जुलै महिन्यात, आणि खातं मिळालं मजुरांचं. म्हणजे या बाया ज्याच्यासमोर रजा आणि पेन्शन मागत होत्या तो माणूस देशाचं मजूर खातं हातात घेत होता. हे ठराव करणाऱ्यांना कळत नव्हतं असं मला तरी वाटत नाही.

आता मिरचीताई, तुमच्यासाठी खास. तुम्ही उमरेडकडच्या ना? मग आजीच्या आधी जाईबाई चौधरी घ्या. जन्म उमरेडचा, १८९२. लहानपणीच घर नागपूरला आलं. या बाईनं नागपूर स्टेशनवर हमाली केली. हो, डोक्यावर ट्रंका वाहिल्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईनं तिला शिकवलं, मग मास्तरीण केलं. महार बाई शिकवते म्हणून लोकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि ती नोकरी गेली. १९२२ मध्ये जाईबाईंनी नागपुरात चोखामेळा कन्या शाळा काढली, स्टेशनवरच्या हमालणीनं काढलेली मुलींची शाळा. पुढं १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. शिकल्या-सवरलेल्या, मोठ्या घरच्या बाया. तिथं जेवणाच्या पंगतीत दलित बायांना वेगळं बसवलं. जाईबाईंनी तो अपमान गिळला नाही, मग निषेधाच्या सभा झाल्या. मोहन पार्कातली गर्दी आभाळातून पडली नव्हती, पाच वर्षं आधीची ती पंगत तिच्या मागं होती.

उमरेडच्या किती मास्तरांना जाईबाई माहीत आहेत, विचारून बघा.

भिवापूरची_मिरची

काका, मी आत्ताच विचारून आले. दोन शाळा, सात मास्तर. एकानं विचारलं, "कोणत्या पक्षाच्या?"

आणि तुमच्या मायचं वाचून एक आठवलं. आजी १३ वर्षांत मिलमधून निघाली ती माझ्या बाबांच्या वेळच्या बाळंतपणानंतर. परत गेली तर खात्यात जागा नाही म्हणाले. मध्य प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा होता का त्या वेळी?

तांडापेठचे_काका

होता. मुंबईत १९२९ चा, आपल्याकडं मध्य प्रांतात १९३० चा. पण भत्ता मालकाच्या खिशातून जायचा ना बाई. म्हणून पोटुशी दिसली की काढा, नाहीतर मुळात बाई घेऊच नका. मुंबईच्या गिरण्यांत विसाच्या दशकात पाच कामगारांत एक बाई असायची, नंतर कमीच होत गेल्या. वाइंडिंग आणि रीळखाती बायांची, यंत्रं बदलली की पहिली कात्री त्याच खात्यांना. १३ वर्षांवर काढलं म्हणजे २० भरायचा प्रश्नच नाही, असा तो हिशेब.

गिरणगावचा_नातू

मी आता आर्वीला असतो, आजोळ परळचं. मुंबईच्या बायांची तरी थोडी नावं उरली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप म्हटलं की कम्युनिस्ट पुढारी डांग्यांचं नाव येतं, पण त्यांच्या पत्नी उषाताई डांगे स्वतः गिरणी कामगार बायांत काम करायच्या. पार्वतीबाई भोर तर खुद्द गिरणीत राबलेल्या, लढाऊ बाई. फरक एवढाच की मुंबईत लिहिणारे जवळ होते. तुमच्याकडच्या बायांची गोष्ट उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ऐंशीच्या दशकात घरोघरी फिरून, म्हाताऱ्यांना गाठून मिळवली, नाहीतर जाईबाईंचं इतकंही हाती लागलं नसतं.

तिरोड्याची_लेक

मिलवर सगळे बोलून रायले म्हणून मी बिडीचं टाकते. माझी माय पंचेचाळीस वर्षं बिड्या वळत होती. टेंभुर्णीची पानं आम्हीच तोडून आणायचो मे महिन्यात, सट्टेदार म्हणजे बिडीचा ठेकेदार जर्दा तोलून द्यायचा, आणि संध्याकाळी हजारावर हिशेब. त्यात छाट काढायचा. चांगल्या बिड्या बाजूला टाकून म्हणायचा ह्या कच्च्या. त्या छाटलेल्या बिड्या तो फेकत नव्हता बरं, विकायचाच. पैसे मात्र मायचे कापले.

कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची युनियन बांधली हे आमच्याकडं जयंतीला सांगतात, 'जय भीम' म्हणायची रीत त्यांनी सुरू केली तेही सांगतात. चांगलंच आहे. ते १९३९ मध्ये ऐन तरुण वयात गेले. पण बिड्या वळणाऱ्या बाया त्या युनियनमध्ये वर्गणी द्यायच्या का, सभेला कोण यायचं, हे भाषणात कधी येत नाही. बाई म्हणजे सूप घेऊन बसलेली, एवढंच चित्र.

माझी लहान बहीण नागपुरात सहा घरची धुणी-भांडी करते. तिच्याकडून कळलं की तिथं मोलकरणींची संघटना १९८० पासून आहे. विदर्भ मोलकरीण संघटना, रूपाताई कुलकर्णींनी बांधलेली. विद्यापीठात संस्कृत शिकवणारी बाई मोलकरणींच्या मोर्चापुढं. बहीण म्हणते, सुटीच्या दिवशी पगार न कापणं ही मालकिणींना भीक वाटते, आम्हाला ती मागणी वाटते. सरकारनं घरकामगारांचं मंडळ करण्याचा कायदा २००८ मध्ये केला. १९४२ च्या ठरावातली ती रजा घरकामात मागायला बाया पुन्हा रस्त्यावर आल्या, असं मला काकांचं वाचून वाटलं.

सरकीची_ढेप

ठीक आहे, मान्य. जाईबाईंचं मला माहीत नव्हतं. आणि मी उमरेडचाच आहे.

ताई, भाषणात आकडे जास्त घालू नका. १५ रुपये पेन्शन आणि पदर तोंडात कोंबणं, एवढं पुरेल.

भिवापूरची_मिरची

झालं बाप्पा भाषण. उशिरा लिहिते, पोलिओच्या फेरीत अडकले होते.

दहा मिनिटांचे पंचवीस झाले. जाईबाईंच्या हमालीला पुरुष गप्प झाले, मोहन पार्कातल्या हसण्याला बाया हसल्या. सुलोचनाबाईंचं नाव घेतलं तेव्हा मागं बसलेल्या दोघी एकमेकींना ढोसत होत्या. म्हणजे काकांनो, ऐंशी वर्षांनंतरही तेच वाक्य तसंच लागतं. सरपंच मध्येच उठून गेले, पण ते फोनसाठी.

रजा आणि पेन्शनचा ठराव वाचून दाखवला तर पहिल्या ओळीतली एक म्हातारी, ऐंशीच्या वरची, मोठ्यानं म्हणाली, "मंग भेटले का वं थे पंधरा रुपये?" मी म्हटलं, आजीला नाही भेटले, तिला तेराव्या वर्षी काढलं. ती म्हणाली, "तेरा? मी अठरा हंगाम रेच्यावर होती." आणि चिवड्याचा द्रोण घेऊन बसली.

ती रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, मजूर होती हे मला माहीत नव्हतं. मी दर महिन्याला तिचा बीपी मोजते.

रविवारी तिच्याकडं गेले. सरकीची धूळ नाकात जाऊन खोकला कसा यायचा, गाडीवरून कापूस उतरवताना कोण कुठं उभं राहायचं, तिघींनी मिळून एक दिवस काम कसं बंद पाडलं आणि ते कशावरून (पाण्याच्या माठावरून), सगळं सांगितलं. सून सारखी म्हणत होती, "आत्या, जाऊ द्या, काहून बोलता?" नाव लिहू का विचारलं तर म्हणाली माहेरचं लिही. सासरचं म्हणे सगळ्या कागदांवर आहेच. पण इथं नाव टाकत नाही, तिला आधी विचारीन.

रेकॉर्डिंग दोन तास दहा मिनिटांचं झालंय. शेजारी पिठाची चक्की आहे, मधला पाऊण तास नुसती घरघर. आता अजून तिघींना गाठायचंय, त्यांतली एक मॅंगनीजच्या खाणीवर होती म्हणतात. त्याआधी हा आवाज साफ करायचं एखादं फुकटचं ॲप कोणाला माहीत असेल तर सांगा, माझा फोन जुना आहे.