दूर्वा कोणी उपटल्या?

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

नेने काका ए-२०३ (सकाळी ६:५२): ज्या कोणी आज पहाटे लॉनवरच्या दूर्वा नेल्या, त्यांना अंगारकीच्या शुभेच्छा. बाप्पा त्यांच्या सर्व इच्छा पूर्ण करो. फोटो टाकत आहे.

नेने काका: (फोटो)

नेने काका: मुळासकट उपटलंय. सात आठवड्यांचं गवत आहे हो ते. अजून नीट मूळसुद्धा धरलेलं नाही.

गोखले आजोबा सी-१०१: 🌹 शुभ सकाळ 🌹 संयम हीच खरी संपत्ती 🌹

रेश्मा सी-२०२: गुड मॉर्निंग. चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का कोणाकडे? जरा अर्जंट आहे.

जोशी काकू बी-१०३: नेने भावजी, टोमणे कशाला, सरळ नाव घ्या की. मी घेतल्या दूर्वा. अंगारकीला एकवीस जुड्या लागतात. मंडईत आज काय भाव आहे ते एकदा जाऊन बघा.

जोशी काकू: आणि मी मुळं उपटत नाही. तीन पानांचा कोंब नखाने खुडते. चाळीस वर्षं खुडतेय. फोटोतलं काम माझं नाही.

अमोल ए-६०२: काकू, एकवीस जुड्या गुणिले एकवीस म्हणजे ४४१ कोंब. लॉनचे तर सगळे मिळून ४०० असतील 😂

नेने काका: अमोल, हसू नकोस. तुझे चिरंजीव तिथेच स्टंप ठोकतात.

अमोल: काका, तो दहावीत आहे. त्याला झोपायला वेळ नाही, स्टंप कुठून ठोकणार.

बापट ए-४०१: मी २२ जूनला याच ग्रुपवर लिहिलं होतं. पुन्हा पाठवत आहे. गादीचं तयार लॉन: माती, खत, मजुरी धरून ७२ हजार, अंथरलं की त्याच दिवशी हिरवं. बी: ११ हजार, तीन महिने, आणि हिरवं नाही. एजीएममध्ये मी एकटाच बोललो होतो. मिनिट्स काढून बघा.

कदम सेक्रेटरी बी-२०४: सर्वांना नम्र विनंती, कृपया भाषा सांभाळावी. शुक्रवारी १५ ऑगस्टचं झेंडावंदन लॉनवर न करता पार्किंगमध्ये होईल. खुर्च्या लॉनवर टेकवू नयेत.

चित्रा सी-४०२: पार्किंगमध्ये? आणि आमची गाडी कुठे लावायची?

कदम सेक्रेटरी: ताई, फक्त अर्धा तास.

चित्रा: मागच्या वर्षीही अर्धाच तास होता. अकरा वाजेपर्यंत चहा चालला होता.

नेने काका: विषय दूर्वांचा आहे.

नेने काका: ज्यांना इतिहास माहीत नाही किंवा सोयीने विसरला, त्यांच्यासाठी. १८ मे, रविवार. दोन हजार फूट जागा खणून घेतली. दगड मी आणि वॉचमन, आम्ही दोघांनी वेचले. बाकीचे गॅलरीतून सूचना देत होते. लाल माती आणि शेणखत आणलं. दोन किलो हरळीचं, म्हणजे दूर्वांचंच, बी. खसखशीएवढं असतं ते, मुठीत धरलं तर बोटांतून गळतं. म्हणून कोरड्या वाळूत मिसळलं, निम्मं उभं फेकलं, निम्मं आडवं. वरून नुसतं दाताळं फिरवलं, कारण अर्ध्या सेंटीमीटरच्या खाली गेलं की ते वर येत नाही. दिवसातून चार वेळा झारीने पाणी. झारीने! पाईप लावला तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. आठव्या दिवशी मातीवर बारीक हिरवी लव दिसली. आणि २६ मेला मान्सून हजर. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्याकडे येतो, यंदा मे संपायच्या आत. सकाळी उतरलो तर लव नाही, माती नाही, मघाचे दगड परत वर.

नेने काका: २२ जूनला पुन्हा दोन किलो. तेव्हा कबुतरं आली.

चित्रा: आता माझ्यावर येणार. या.

नेने काका: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

चित्रा: सी विंगच्या चौथ्या मजल्यावरून दाणे टाकते ती मी एकटीच आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या ज्वारीमुळे उलट ती तुमच्या बियांकडे गेली नसती. मी बंद केल्यावर गेली.

अमोल: गेल्या आठवड्यात दादरला दाणे बंद करायला कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री लोकांनी फाडून झाली. आपण आपली ताडपत्री सांभाळू 😂

कदम सेक्रेटरी: अमोल, कृपया राजकीय विषय नको.

अमोल: कबुतर राजकीय कधीपासून झालं?

बापट: पुन्हा पाठवत आहे. गादीचं लॉन कबुतरं खात नाहीत.

पवार बी-५०१ (सकाळी ९:२०): सगळे मेसेज आत्ता वाचले. नेने काका, रागावू नका, पण आमच्या फलटणला हरळी काढायला माणशी मजुरी मोजतात. बाप आयुष्यभर कुदळ घेऊन तिच्या मागे. आणि इथे दोनदा विकत आणून ती येत नाही म्हणून भांडण. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं हसतच होते.

जोशी काकू: 😂😂 माझे भाऊपण कोरेगावला हेच म्हणतात.

पवार: काका, तुमचा फोटो मोठा करून बघितला. उपटलेल्यात निम्मी हरळी नाहीच, लव्हाळा आहे. दांडी चिमटीत धरून फिरवा. हरळीची गोल लागते, लव्हाळ्याची तीन धारांची. खाली काळ्या गाठीची माळ आहे बघा, तो नागरमोथा.

स्वाती ए-५०३: नागरमोथा म्हणजे उटण्यातला? दिवाळीची सोय झाली म्हणायची 😄

पवार: तोच. गाठ ठेचून वास घ्या, ओळखीचा वाटेल. पण उपटायचा नसतो. वरची काडी हातात येते, माळ खाली तुटून राहते आणि एकाच्या जागी पाच उगवतात. आणि त्याच्यासोबत शेजारची कोवळी हरळी निघते, तीच फोटोत दिसतेय.

नेने काका: मग उपटला कोणी?

(दुपारपर्यंत या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.)

रेश्मा: प्लंबर?

गोखले आजोबा: 🌹 अंगारकी चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा 🌹

कदम सेक्रेटरी (दुपारी १:४०): नेने काका, काल संध्याकाळी मी वॉचमनला सांगितलं होतं की १५ ऑगस्टच्या आधी गेटजवळचं तण काढून घे. त्याने पहाटे ड्युटी संपायच्या आधी काढलं असावं. हेतू चांगला होता.

नेने काका: कोणाला विचारून?

कदम सेक्रेटरी: मी सेक्रेटरी आहे काका.

नेने काका: आणि मी लॉन कमिटी आहे.

अमोल: कमिटीत अजून कोण कोण आहे काका? 😇

नेने काका: कोणी यायला तयार नव्हतं. एजीएमच्या मिनिट्समध्ये तेही आहे.

जोशी काकू: म्हणजे माझी माफी वगैरे काही?

नेने काका: काकू, उपटल्याचा आरोप मागे घेतो. खुडल्याचा कायम आहे.

जोशी काकू: मोठं मन तुमचं 🙏

स्वाती: तणनाशक मारून टाकू ना एकदाच? माझ्या बहिणीच्या सोसायटीत ग्लायफोसेट मारलं होतं.

पवार: ताई, ते हिरवं दिसेल ते मारतं. लव्हाळ्याबरोबर हरळीही जाईल, म्हणजे तिसऱ्यांदा पेरणी. शिवाय २०२२ च्या शेवटी केंद्राने काढलंय की ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं. उसात फक्त लव्हाळ्यावर चालणारं एक औषध मारतात, पण तिथे लहान मुलं लोळत नाहीत. इथे मी खुरपंच म्हणेन. गाठीसकट, ओल असताना, दर पंधरा दिवसांनी. लव्हाळा एका बैठकीत संपत नाही.

बापट: लव्हाळा लाल मातीतून आला. ती स्वस्तातली माती कोणी आणली हे मिनिट्समध्ये नाही. गादीबरोबर स्वच्छ माती येते. पुन्हा पाठवत आहे.

पवार: बापट काका, गादीसोबतही येतो लव्हाळा. नर्सरीतून फुकट येतो.

अमोल: म्हणजे ७२ हजारांत उटणं पण 😂

रेनट्रीचा विषय दुपारच्या चहाच्या सुमारास निघाला, तो निघायचाच होता.

चित्रा: सगळं गेटपाशीच का बोलताय? रेनट्रीखाली तर काहीच आलेलं नाही. तिथे कबुतरंही बसत नाहीत, बरं का.

स्वाती: फांद्या छाटा ना मग. माझ्या बेडरूममध्येही अंधार येतो.

कदम सेक्रेटरी: ताई, छाटायलाही मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. १९७५ चा झाडांचा कायदा आहे. मागे एकदा बघितलंय आपण काय होतं ते.

स्वाती: त्या विषयावर नको बोलायला.

पवार: छाटूनही होणार नाही. हरळीला दिवसाचं निदान सहा तास ऊन पाहिजे. तिथे दुपारी जेमतेम तासभर पडतं. तिथे दहा वेळा पेरलं तरी बारीक दोरा येईल आणि पिवळा पडून मरेल. ती जागा लॉनमधून सोडून द्या. गोल दगड आणि बाक.

गोखले आजोबा: बाक उत्तम.

(आजोबांचा फुलाशिवाय आलेला हा पहिलाच मेसेज. त्याला अकरा अंगठे मिळाले.)

नेने काका: पवार, तुम्ही पाचव्या मजल्यावरून बोलताय. मी रोज खाली असतो. ए विंगच्या भिंतीजवळ भरपूर ऊन आहे, लव्हाळा नाही, कबुतरं नाहीत. तिथे दोन्ही वेळेला काहीच का आलं नाही? तिथे तर मी सर्वात जास्त बी टाकलं होतं.

पवार: येतो खाली.

(संध्याकाळी ६:३५)

पवार: (फोटो)

पवार: (फोटो)

पवार: नेने काका सोबत आहेत. पहिला फोटो बघा. भिंतीपासून गटाराच्या चेंबरपर्यंत जिभेसारखा लांबट पट्टा मोकळा आहे. वर खडे धुऊन चकचकीत झालेत. आता दुसरा फोटो. चेंबरच्या लोखंडी झाकणाभोवती गोल हिरवी झालर. अख्ख्या लॉनमध्ये एवढी दाट हरळी कुठे नाही. तिथे काकांनी एक दाणाही टाकलेला नव्हता.

अमोल: मग तिथे कुठून आली?

पवार: भिंतीजवळून वाहत आली. गच्चीचं पावसाचं पाणी उतरतं त्या पाईपचा खालचा एल्बो तुटलाय. तोंड गटाराकडे पाहिजे, ते लॉनकडे झालंय. सहा मजल्यांच्या गच्चीचं पाणी एका जागी पडतं. दोन्ही पेरण्या त्याच पाण्याने नेल्या आणि झाकणाच्या कडेला टेकवल्या.

स्वाती: अरे देवा. चार किलो बी.

नेने काका: चार किलो नाही. त्या पट्ट्यातलं असेल किलोभर. पण दोन महिने मी कबुतरांना शिव्या घातल्या.

चित्रा: ऐकू आल्या सगळ्या. चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतात.

नेने काका: चित्राताई, त्या शब्दांबद्दल दिलगीर आहे. दाणे मात्र टाकू नका.

चित्रा: बघू.

पवार: आणखी एक. जोशी काकूंचा कोपरा, पारिजातकाजवळचा. काका, तुम्हीच सांगा.

नेने काका: दाट आहे.

पवार: नीट सांगा.

नेने काका: सगळ्यात दाट आहे. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात, असं पवारांचं म्हणणं. मलाही वाकून बघितल्यावर तसंच दिसलं. एकेका धाग्याला पेरापेरावर मुळं सुटली आहेत.

जोशी काकू: सासूबाई आज असत्या तर...

अमोल: काकू, तुमचं मानधन ठरवा आता. गवत कापायच्या मशीनचं भाडं वाचेल सोसायटीचं 😂

नेने काका: मशीन लागेलच. पण अजून दोन आठवडे नाही, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशावर एक पातंही नाही. आणि अमोल, तूच रविवारी सात वाजता खुरपं घेऊन ये. चिरंजीवांनाही आण.

अमोल: दहावी काका...

नेने काका: मग तू एकटा ये.

जोशी काकू: २७ ला गणपती बसतात. तेव्हा अख्ख्या सोसायटीला दूर्वा लागतील. तेव्हा ही पोस्ट परत टाकणार का भावजी?

नेने काका: फक्त पारिजातकाचा कोपरा. फक्त शेंडे. आणि गेटजवळ पाय नाही.

बापट: पाईप दुरुस्त होणार असेल तर त्या पट्ट्यात तरी गादी टाकावी अशी माझी सूचना. कोटेशन पुन्हा पाठवत आहे.

बापट: (फाईल)

स्वाती: बापट काका, याच्यावर ३१ जुलैपर्यंतच वैध लिहिलंय.

बापट: मी २२ जूनलाच म्हटलं होतं, वेळेत घ्या.

पवार: गादीची गरज नाही. चेंबरभोवतीची झालर कुदळीने चार चार बोटांचे तुकडे करून काढू आणि पट्ट्यात वीतभर अंतराने लावू. ओल आहे तोवर धरेल, दसऱ्यापर्यंत धागे एकमेकांना मिळतील. थंडीत थोडं पिवळं पडेल, तेव्हा परत ग्रुपवर फोटो टाकू नका. पण आधी तो एल्बो. नाहीतर हेही गटारात.

नेने काका: मान्य. तुकडे मी लावतो.

जोशी काकू: आधी चंद्रोदय होऊ द्या. उपास सोडायचाय, नऊनंतर आहे. मोदक पाठवते. पवारांनाही.

अमोल: आणि ४४१ कोंब मोजणाऱ्याला?

जोशी काकू: तुला एकच.

कदम सेक्रेटरी (रात्री ८:१०): सर्वांचे आभार. एल्बोचा खर्च मेंटेनन्समधून करू, मीटिंगची गरज नाही. पाऊस परत वाढायच्या आत उद्याच काम व्हायला हवं. आपला नेहमीचा माणूस गावी गेलाय. कोणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?

रेश्मा: मी सकाळी सातपासून काय विचारतेय?