मदत हवी आहे: रॅपच्या व्हिडिओत संकेत ‘मोडायचे’ म्हणजे नेमकं करायचं काय? (अर्जंट)

तर्री_जास्त (शुक्रवार, रात्री ११:४०)
सोमवारी सबमिशन आहे. नागपुरात शूट केलेल्या व्हिडिओचा कट (जोडून तयार केलेला व्हिडिओ) सरांनी परत पाठवला. शेरा एवढाच: ‘जॉनरचे संकेत नीट वापरले आहेत. त्यांना आव्हान कुठे दिलं?’ आता सगळं बरोबर केलं तर ते चूक कसं? आधी म्हणे जॉनर (म्हणजे व्हिडिओचा प्रकार) ओळखू आला पाहिजे, आता म्हणून राहिले मोडा. कोणी केलं असेल तर सांगा. फिलॉसॉफी नको, शॉट सांगा.

अश्विनी_क
गाणं कोणतं? तुमचंच की कोणाचं उचललेलं? किती मिनिटांचं? पुन्हा शूट करायला वेळ आहे की आहे त्यातूनच भागवायचं?

तर्री_जास्त
रॅप आहे.

अश्विनी_क
ते शीर्षकातच आहे हो.

लाइटवाले_काका
एक गोष्ट लिहून ठेवा. ट्यूबलाइटखाली शूट करत असाल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुसरं काही ठेवलं की चित्रात पट्टे सरकतात. लग्नाच्या शूटिंगमध्ये ३० वर्षं घालवली आहेत, आजची मुलं हे बघतच नाहीत.

तर्री_जास्त
काका, दुपारी उन्हात शूट केलं आहे. ट्यूबलाइट नाही.

लाइटवाले_काका
पुढच्या वेळी कामी येईल.

कोथरूडचा_कोणीतरी
ड्रोन शॉट टाका. फुटाळा तलावावरून एक मोठा शॉट घेतला की व्हिडिओचा दर्जा एकदम बदलतो. मी गेल्या वर्षी एका मित्राला हेच सांगितलं होतं.

वायुसेनानगर
फुटाळ्यावर? वरच्या टेकडीवर हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, ठाऊक आहे ना? २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरून पोट्ट्यांना वाटतं की कुठेही उडवा. रेड झोन (परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग) नॅनोलाही लागू आहे. आधी नकाशा बघा. शिवाय ड्रोन शॉट हा स्वतःच आता घासून गुळगुळीत झालेला संकेत आहे, त्याने मोडणार काय?

कोथरूडचा_कोणीतरी
मी फक्त सुचवलं. नागपूरकरांना राग फार लवकर येतो.

वायुसेनानगर
इथे ४५ डिग्री आहे. तुम्ही येऊन बघा.

अश्विनी_क
धागा कुठे चालला? तर्री_जास्त, उत्तरं द्या. गाणं कशाबद्दल आहे आणि आत्ता कटमध्ये काय काय दिसतं?

तर्री_जास्त
बरं. गाणं माझ्या मित्राने लिहिलं, बीट पण त्याचीच. ३ मिनिटं १० सेकंद. मराठी-हिंदी मिक्स, ‘शहर आपलं’ असा हूक (परत परत येणारी ओळ) आहे. कटमध्ये: बर्डीच्या पुलाखाली लो अँगल, मित्र बोट दाखवून रॅप करून राहिला, मागे आठ पोट्टे हात बांधून. सगळ्यांना काळ्या हूडी. महालातल्या एका गल्लीत रंगवलेली भिंत. मामाची गाडी, बोनेटवर बसून. बाईकवरून फिरतानाचं स्लो मोशन. रविवारी सकाळी परत शूट करू शकतो, जास्त नाही.

संपदा_म
थांबा. मे महिन्यात, नागपुरात, दुपारी, आठ जणांनी हूडी घातल्या?

तर्री_जास्त
हो. जॉनर आहे ना. एकाला भोवळ आली, त्याला पन्हं पाजून घरी सोडलं. म्हणून शेवटच्या शॉटमध्ये सातच आहेत.

प्रा_खिडकी
शिकवण्याचं काम करतो, त्यामुळे सर काय मागत असतील याचा अंदाज आहे. म्युझिक व्हिडिओवर लिहिणारे अँड्र्यू गुडविन (त्यांचं पुस्तक १९९२ चं) चित्र आणि शब्द यांचं नातं तीन प्रकारांनी बघतात: चित्र शब्द जसेच्या तसे दाखवतं, चित्र शब्दांत नसलेली भर घालतं, किंवा चित्र शब्दांशी फटकून वागतं. तुमचा पूर्ण कट पहिल्या प्रकारात अडकला आहे. ‘शहर आपलं’ म्हटलं की शहर दिसतं, पोट्टे दिसतात, बोट दिसतं. तिसऱ्या प्रकारातलं एक जरी नातं आलं तरी सर गप्प बसतील. पण सगळे संकेत एकदम मोडू नका. लो अँगल काढला, टोळी काढली, भिंत काढली, तर तो रॅपचा व्हिडिओच राहणार नाही आणि काय मोडलं तेही कोणाला कळणार नाही. एकच धरा.

झाडीपट्टी_प्रेमी
थिअरी वाचून कोणी कलाकार झाला का? वडशाला या, दिवाळीनंतर. पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. इकडे हिरोची आई मरून पडलेली असते आणि तिकडे गाणं-नाच सुरू होतो, पब्लिक शिट्ट्या मारतं, आणि पाच मिनिटांनी तेच पब्लिक त्याच आईसाठी रडतं. संकेत मोडणं म्हणजे काय ते तिथे शिका.

प्रा_खिडकी
पण झाडीपट्टीत गाणं येणं हाच संकेत आहे. कोणी गाणंच ठेवलं नाही, तर ते मोडणं झालं.

झाडीपट्टी_प्रेमी
असं नाटक केलं तर पब्लिक खुर्च्या मोडेल.

प्रा_खिडकी
तेच तर म्हणतोय.

तर्री_जास्त
भाऊ, रविवार एकच आहे. शॉट.

संपदा_म
सांगते. हूडी हा थंडीचा कपडा. हिप-हॉप जन्मलं १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, तिथे हिवाळ्यात डोकं झाकावंच लागतं. तो कपडा व्हिडिओंमधून आपल्याकडे आला, थंडी तिकडेच राहिली. आता मला सांगा, मे महिन्यात नागपुरात खरोखर तोंड झाकून कोण फिरतं? मी. दुपट्टा डोक्यावरून दोनदा गुंडाळून मागे गाठ, त्यावर गॉगल, कोपराच्या वरपर्यंत पांढरे हातमोजे, पर्समध्ये कांदा. (कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण आई स्वतः पर्स तपासते.) रामदासपेठच्या सिग्नलला अशा आठ-दहा जणी स्कूट्यांवर एका रांगेत उभ्या असतात. माझ्या भावाने मला अशात दोनदा ओळखलं नाही. मागची टोळी तीच ठेवा. लो अँगल तोच, स्लो मोशन तेच. फक्त पोट्ट्यांच्या जागी या स्कूटीवाल्या जणी.

तर्री_जास्त
म्हणजे कॉमेडी?

संपदा_म
अजिबात नाही. हसवायला गेलात की संपलं, मग ते ‘बायका बघा कशा दिसतात’ होईल आणि मी स्वतः खाली वाईट कमेंट टाकेन. तुमच्या पोट्ट्यांना ज्या गंभीरपणे घेतलं त्याच गंभीरपणे घ्या. त्या नुसत्या उभ्या असतात, सिग्नल सुटायची वाट बघत. ‘शहर आपलं’ त्यावर येऊ द्या. आणि शेवटी कोणी दुपट्टा सोडून चेहरा दाखवायचा नाही. तो सिनेमातला फालतू शॉट आहे. सिग्नल सुटतो, त्या निघून जातात, बस.

वायुसेनानगर
आणि हेल्मेट?

संपदा_म
दुपट्ट्यावरून हेल्मेट. आणखी भारी दिसेल.

वायुसेनानगर
चालू सिग्नलवर कॅमेरा मांडून बसू नका. सकाळी ६ वाजता कॉलनीतल्या रिकाम्या गल्लीत गाड्या स्टँडवर उभ्या करून घ्या. लाल दिवा एडिटमध्ये वेगळा जोडता येतो.

निव्वळ_विरोध
मला पटलं नाही. माणसं बदलली, साचा तोच. हे आव्हान कसलं? पोट्ट्यांच्या जागी बायका, उद्या बायकांच्या जागी आजोबा.

प्रा_खिडकी
आजोबा चालणार नाहीत, कारण आजोबांना तोंड बांधून घ्यायची गरज पडत नाही, ते दुपारी कूलरसमोर झोपलेले असतात. इथे कपड्याला कारण आहे. रॅपच्या टोळीचा दावा असतो की हा रस्ता आमचा. तर भर दुपारी त्या रस्त्यावर रोज कोण असतं, हे चित्र विचारतं. साचा तोच राहिला म्हणूनच विचारता येतं.

निव्वळ_विरोध
हे तुम्ही म्हणताय, व्हिडिओ म्हणेल का?

अश्विनी_क
हा प्रश्न बरोबर आहे. माझ्या मते एकटा तो शॉट अधांतरी लटकेल. तर्री_जास्त, तुमच्या फुटेजमध्ये उन्हाचं काही आहे का? कटमध्ये न घेतलेलं?

तर्री_जास्त
एक आहे. मित्राने हूडी काढली तर पाठीवर घाम वाळून मिठाचे पांढरे पट्टे पडले होते, नकाशासारखे. कॅमेरा चालूच राहिला होता. तो हूडी पिळून राहिला आणि बाजूने कोणीतरी ‘अबे पाणी दे’ म्हणते. खराब दिसत होतं म्हणून काढून टाकलं.

अश्विनी_क
काढून टाकलं?!

संपदा_म
अहो, तोच तुमचा व्हिडिओ आहे. दुसऱ्या कडव्याआधी बीट थांबते का कुठे?

तर्री_जास्त
१:५२ ला चार सेकंद ब्रेक आहे.

संपदा_म
मग तिथे मिठाची पाठ. मूळ आवाज ठेवा, ‘अबे पाणी दे’ सकट. बीट परत सुरू झाली की स्कूट्या. आधीचा जवळपास दोन मिनिटांचा भाग जसा आहे तसाच राहू द्या, भिंत, बोनेट, सगळं. तो जितका ठरीव, तितका ब्रेक लागेल.

निव्वळ_विरोध
हे मात्र चांगलं आहे. आठ पोट्टे एका शॉटमध्ये आणि सात दुसऱ्यात, तेही लपवू नका.

लाइटवाले_काका
स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर युक्ती सांगतो. एडिटची टाइमलाइन सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर शूट ६० ला करा आणि शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा. गाणाऱ्याने त्या वेगाने म्हणायचं. एडिटमध्ये चित्र निम्म्या वेगाने चालवलं की ओठ मूळ गाण्याला बसतात आणि मागचं सगळं संथ दिसतं. आम्ही वरातीत हे करायचो.

तर्री_जास्त
काका, हे एकदम कामाचं आहे. मित्र स्कूट्यांच्या पुढून चालत जाईल, असं करतो. सोबत ५०० शब्दांची नोटपण द्यायची आहे, कोणते संकेत वापरले आणि कोणते मोडले, त्यात काय लिहू?

प्रा_खिडकी
नोट आहे हे आत्ता सांगता? निम्मे गुण तिथेच असणार. हूडी ब्राँक्सच्या थंडीची, दुपट्टा नागपूरच्या उन्हाचा, इथून सुरू करा. मिठाचा शॉट आधी का काढला आणि परत का घेतला तेही प्रामाणिकपणे लिहा. ‘स्त्री सबलीकरण’ हा शब्द कुठेही आला तर मला वाईट वाटेल.

तर्री_जास्त (रविवार, रात्री ९:१५)
झाला शॉट. आठ नाही मिळाल्या, पाच मिळाल्या: आई, दोन मावश्या, ताई आणि शेजारच्या काकू. आईने पहिलं विचारलं, ‘कॅमेरा जमिनीवर काहून ठेवला, धूळ जाईल ना त्याच्यात.’ मग दुपट्टा बांधला आणि पाचही जणी अशा उभ्या राहिल्या की मित्र दोनदा शब्द विसरला. काकूंनी हातमोजा वर ओढला तो क्लोजअप पण घेतला. नंतर सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालावे लागले.

एक प्रॉब्लेम आहे. ओठ सुरुवातीला जुळून राहिले आणि पुढे पुढे सरकत जातात. उद्या ११ ला द्यायचं आहे. लवकर सांगा.

लाइटवाले_काका
फोनवर घेतलं ना? फोन फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो. एडिटमध्ये घेण्याआधी क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फोन कोणता, सेटिंग काय होती, क्लिप किती लांबीची?

तर्री_जास्त
मामाचा फोन आहे.