मदत हवी आहे: डोंगराळ पाणलोटात आकस्मिक पुराचा धोका काढताना डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) आणि पावसाचा डेटा

पाणलोट ४० चौ. किमी, मुख्य ओढा ९ किमी, सरासरी उतार १२ टक्के. किर्पिचच्या सूत्राने (ओढ्याची लांबी आणि उतार यांवरून वेळ काढणारं) पाणी मुखाशी यायला जेमतेम ४९ मिनिटं लागतात. डीईएम कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा, पिक्सेल ३० मीटरचा; प्रक्रिया क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये.

पहिली अडचण घळीत. हा डीईएम झाडांचे शेंडेही धरतो, त्यामुळे अरुंद घळीत खोटे बांध उभे राहतात. ‘फिल सिंक्स’ (खोलगट जागा भरणारी प्रक्रिया) चालवलं की त्यामागे सपाट तळी तयार होतात आणि ओढा शेजारच्या सोंडेवरून उडी मारतो! भरण्याऐवजी ‘ब्रीच’ (बांध खोदून पाण्याला वाट) करायचं म्हटलं, तर खोदाईची कमाल लांबी किती पिक्सेल ठेवता?

दुसरी, पाऊस. आयमर्गचा (नासाचा उपग्रहांवरून काढलेला पावसाचा डेटा) पिक्सेल ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण १०० चौ. किमी, अख्खं पाणलोट एकाच चौकटीत मावतं. त्यात नोंद दर अर्ध्या तासाची, म्हणजे हायड्रोग्राफचा (वेळेनुसार प्रवाहाचा आलेख) माथा बोथट होणारच. जवळच्या पर्जन्यमापकाशी जुळवून घेणं पुरेसं आहे, की उंचीनुसारही दुरुस्ती करावी?

कर्व्ह नंबरचे (पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा) तक्ते सौम्य उतारासाठी आहेत, तेव्हा उताराची दुरुस्ती करणारच आहे. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह सुचवू नका. अशा दऱ्यांत रडारची सावली पडते आणि उपग्रह येईपर्यंत पूर ओसरलेला असतो.