‘अ’ लिहावे की ‘द’? कारखान्याच्या इंग्रजी पत्रव्यवहारातील अडचण

पूर्वभाग_सोलापूर यांचा प्रश्न:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात परदेशी ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार मी सांभाळतो. पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’ आणि दुसऱ्यांदा आला की ‘द’, असा नियम आम्हाला शाळेत शिकवला होता. मात्र ग्राहकांची पत्रे वाचताना तो टिकत नाही. नुकत्याच आलेल्या एका पत्रात ‘वुई ओपन्ड अ कार्टन अँड द लेबल वॉज मिसिंग’ असे वाक्य होते. लेबलाचा त्याआधी कुठेही उल्लेख नसताना तिथे ‘द’ कसे आले? मराठीत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदेच नसल्यामुळे हा निर्णय नेमका कशाच्या आधारे करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_खडू:
शाळेतला नियम चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. उल्लेख कितव्यांदा आला हे महत्त्वाचे नसून, आपण कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत हे वाचणाऱ्याला ओळखता येईल का, हे महत्त्वाचे असते. दुसऱ्या उल्लेखाला ती वस्तू ओळखीची झालेली असते, म्हणून तिथे ‘द’ येते. आपल्या उदाहरणात खोके कोणते हे वाचणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून ‘अ कार्टन’. पण खोके म्हटले की त्यावर लेबल असणार हे तो गृहीत धरतो, त्यामुळे लेबल पहिल्याच उल्लेखात ओळखीचे ठरते.

मराठीत उपपदे नाहीत हे खरे, परंतु हा भेद आपण रोज करतो. ‘टेबलावर पावती आहे’ या वाक्यात पावतीची बातमी नव्याने दिली जाते, तर ‘पावती टेबलावर आहे’ असे आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा समोरचा त्याच पावतीची वाट पाहत असतो. तसेच ‘मालक विणकर शोधत आहेत’ म्हणजे कोणीही चालेल, आणि ‘मालक विणकराला शोधत आहेत’ म्हणजे ठरावीक माणूस हवा आहे. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच मराठीत मनात म्हणून पाहावे; पुष्कळदा शब्दक्रम किंवा ‘ला’ हा प्रत्ययच उत्तर देऊन जातो. (आपल्या शहरात बोलल्या जाणाऱ्या तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषांतही ‘द’सारखे उपपद नाही, तेव्हा ही अडचण एकट्या मराठी माणसाची समजू नये.)

निर्यात_डेस्क:
वरील खुलासा योग्य आहे. मी केवळ व्यवहाराची बाजू मांडतो, कारण आपल्या कामात या एका अक्षरामुळे पैशांचा हिशेब बदलू शकतो. ‘अ कार्टन वॉज वेट’ म्हणजे अनेकांपैकी एक खोके भिजले. ‘द कार्टन वॉज वेट’ लिहिल्यास पाठवलेले खोके एकच होते, किंवा ज्याच्याविषयी आधी बोलणे झाले होते तेच भिजले, असा अर्थ निघतो. अनेकवचनात हे अधिक जपावे लागते: ‘द कार्टन्स वेअर वेट’ असे वाचल्यावर सगळाच माल भिजला असे समजले जाते, तर काहीच खोकी भिजली असतील तर ‘सम कार्टन्स’ लिहिणे सुरक्षित असते. रक्कम मिळाल्याचे कळवताना ‘द पेमेंट’ म्हटले की ठरलेली रक्कम आली. ‘अ पेमेंट’ म्हटले तर एखादा हप्ता आला की काय, अशी शंका राहते. ‘फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे तक्रारी जवळजवळ नाहीतच, आणि ‘अ फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे काही तक्रारी आहेत. इथे ‘अ’ गाळले की ग्राहक निश्चिंत होतो.

मात्रा_वेलांटी:
‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते. म्हणून ‘अ युनिट’, पण ‘ॲन अवर’. ‘अ लेटर ऑफ क्रेडिट’ (बँकेचे पतपत्र), पण त्याचेच लघुरूप लिहिताना ‘ॲन एलसी’.

सीनाकाठ:
जुना_खडू यांच्या कसोटीला एक मर्यादा आहे, ती नमूद करावीशी वाटते. विशेषनामांच्या बाबतीत ओळखीचा निकष चालत नाही, तिथे निव्वळ रूढी चालते. भीमा आणि सोलापूर दोन्ही आपल्या सारख्याच ओळखीचे आहेत, तरी इंग्रजीत नदीला ‘द भीमा’ म्हणतात आणि शहराला नुसते ‘सोलापूर’. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांना ‘द’ लागते. शहरे आणि एकेकटी शिखरे यांना बहुधा लागत नाही. याचे तर्कशुद्ध कारण शोधत बसण्यापेक्षा हे पाठ करणे बरे.

पूर्वभाग_सोलापूर:
सर्वांचे आभार. आणखी एक शंका आहे. माहितीपत्रकात ‘सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे’ हे वाक्य घ्यायचे आहे. इथे ठरावीक चादर अभिप्रेत नाही, मग ‘अ सोलापुरी चादर’ लिहावे काय?

जुना_खडू:
नाही. मानांकन कोणत्याही एका चादरीला मिळालेले नसून त्या प्रकाराला मिळालेले आहे, आणि संपूर्ण प्रकाराविषयी असे विधान करताना एकवचनापूर्वी ‘द’ येते. म्हणून ‘द सोलापुरी चादर’ लिहावे. मात्र ‘सोलापुरी चादर वर्षानुवर्षे टिकते’ हा गुण प्रत्येक चादरीला लागू पडतो, त्यामुळे तिथे ‘अ सोलापुरी चादर’ही चालेल आणि उपपदाशिवाय अनेकवचनही चालेल. माहितीपत्रकात मी अनेकवचनच वापरले असते, कारण ते वाचायला सर्वांत सहज वाटते.