नेट मध्येच जातं तेव्हा नक्की काय जातं? तुमचे अनुभव लिहा

गेले दोन महिने आमच्याकडचं नेट 'आहे पण नाही' अशा अवस्थेत आहे. कायमचं बंद पडलं असतं तर तक्रार करायला तोंड तरी राहिलं असतं. दिवसातून चार-पाच वेळा दीड-दोन मिनिटं जातं आणि आपलं आपण परत येतं. कंपनीचा माणूस दारात आला की शहाण्या मुलासारखं चालतं. त्याने मोबाइलवर स्पीड दाखवला, सही घेतली आणि गेला. मीटिंगमध्ये समोरचे चेहरे गोठतात, मी परत जोडली जाईपर्यंत कोणीतरी "मग तुमचं काय मत?" विचारून मोकळं झालेलं असतं.

राउटर नवा आणला. पासवर्ड बदलला. राउटर जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवला. नवा आल्यापासून तर जरा जास्तच जातंय.

म्हणून हा धागा. नुसते सल्ले नकोत, 'बंद करून चालू करा' सगळेच सांगतात. तुमच्या घरी काय होत होतं, कोणाकोणावर संशय घेतलात आणि शेवटी चोर कोण निघाला ते लिहा. चुकीच्या संशयांसकट.

*

आमचा चोर स्वयंपाकघरात होता. मुलीचा ऑनलाइन वर्ग दुपारी एकच्या सुमारास हमखास अडकायचा. त्या वेळी सगळेच नेट वापरत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एक दिवस मीच जेवण गरम करायला ठेवलं आणि आतून आवाज आला, "आई, गेलं!" मायक्रोवेव्ह टिंग करून थांबला. "आलं!" मग कपभर पाणी ठेवून तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

मायक्रोवेव्ह आणि वाय-फायचा जुना पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. दारातून जे किंचित झिरपतं ते माणसाला काही करत नाही, पण लॅपटॉपच्या बारीक आवाजापुढे ते ढोल-ताशेच. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडला आणि प्रश्न संपला.

आपणच बावळट असं वाटू नये म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीच्या १९९८पासूनच्या नोंदींत अधूनमधून गूढ संकेत सापडायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला: आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार कोणीतरी वेळ संपायच्या आधीच उघडत होतं.

*

राउटर टीव्हीच्या मागे, टीव्हीच्या बाजूला आरशाचं कपाट. दिसायला छान. बेडरूममध्ये रेंज शून्य. राउटर बाहेर काढून उघड्यावर ठेवला, संपलं. आता बायको म्हणते तो दिसतो. दिसू दे.

*

धागाकर्तीला आधी एक प्रश्न: जातं म्हणजे वाय-फाय जातं की इंटरनेट जातं? दोन्ही वेगळी आहेत. घरातल्या उपकरणापासून राउटरपर्यंतचा रस्ता एक, राउटरपासून बाहेरचा दुसरा. हे वेगळं न करता मी स्वतः दीड महिना कंपनीशी भांडलो. दोष माझ्याच खोलीत होता.

करायचं असं. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्टच्या) उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, लावा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता). खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि कामाला लागा. नेट गेलं की बघा. पहिलीत उत्तरं २-३ मिलिसेकंदांत येतायत आणि दुसरी गप्प झालीय, तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे, वाय-फायला शिव्या देऊ नका. दोन्ही गप्प असतील तर दोष घरात. पहिलीतच आकडे ३, ४, ३, २८०, ११००, ५ असे उड्या मारत असतील, तर हवेत गर्दी आहे किंवा रेंज तोकडी आहे. दोन्ही खिडक्या ठणठणीत आणि तरी पानं उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसवर संशय घ्या.

शक्य असेल तर हेच केबल लावून पुन्हा करा. केबलवर नीट आणि हवेत बिघडलेलं असेल तर पुढे वाद नाही.

माझ्या बाबतीत पहिलीच खिडकी नाचत होती. आजूबाजूची वाय-फाय दाखवणाऱ्या ॲपमध्ये २.४च्या पट्ट्यात १ आणि ६ या चॅनेलवर शेजाऱ्यांची गर्दी दिसली, ३ मोकळा दिसला, म्हणून मी हुशारीने ३ घेतला होता. चॅनेलचे आकडे फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येक राउटर साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे ३ वर बसून मी १ आणि ६ दोघांच्या पायावर पाय देत होतो, आणि ते माझ्या. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट आच्छादलेल्याला दुसऱ्याचा नुसता गोंगाट ऐकू येतो. १, ६, ११ यांतलाच कमी गर्दीचा घ्यायचा. ११ घेतला, शांतता.

*

धागाकर्ती: खिडक्या लावल्या. सकाळपासून सगळं ठीक. सहा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही एकदम गप्प, एक मिनिट चाळीस सेकंद. म्हणजे दोष घरातच. कंपनीच्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली, पण अर्धीच. केबल बेडरूमपर्यंत पोचत नाही, तो प्रयोग रविवारी.

*

आमचा किस्सा जरा लाजिरवाणा आहे. वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून मी जुना राउटर केबलने नव्याला जोडला. पहिल्या दिवशी झकास. मग रोज वेगळंच. आज माझा फोन चालतो, बाबांचा नाही. उद्या बाबांचा चालतो, ताईच्या लॅपटॉपला पूर्ण रेंज आणि वर 'इंटरनेट नाही'. फोन विमान मोडमध्ये टाकून काढला की कधी चालू, कधी नाही. बाबांनी फोन बदलायचं ठरवलं होतं.

कारण कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. घरात आलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो आणि बाहेर जायचा दरवाजा दाखवतो. याला डीएचसीपी म्हणतात. आमच्याकडे ते काम दोन राउटर करत होते आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच होता. ज्याला जुन्याने आधी गाठलं, तो जुन्याच्या दारापाशी जाऊन उभा राहायचा, आणि त्या दारामागे भिंत. मुदत संपली की पुन्हा लॉटरी.

जुन्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलून २ केला. पाच मिनिटांचं काम. त्याआधी तीन आठवडे घरात एकमेकांच्या फोनला नावं ठेवणं चालू होतं.

*

लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की वाय-फाय रांगायचं, बिनवायरचा माऊसही अडखळायचा. डिस्क काढली की दोन्ही ठीक. व्हायरस समजून फॉरमॅट मारला मी! यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, यावर इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. लांब, चांगल्या प्रतीची केबल घेऊन डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

*

मी लाइनवर काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं सांगतो. आम्ही आलो की नेट चालतं, ही तक्रार खरी आहे. अधूनमधून जाणारा बिघाड आमच्यासमोर जात नाही, यात आमचा काय दोष?

एका घरी रोज रात्री नऊला लाल दिवा लागायचा. फायबरच्या डब्यावर जो 'लॉस' लिहिलेला दिवा असतो, तो म्हणजे प्रकाशच पोचत नाही. दुपारी गेलो तर सिग्नल उणे २० डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप), उत्तम. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा मुद्दाम रात्री गेलो. घरातले काका जेवून आले, सोफ्यावर टेकले आणि दिवा लाल. उठले, हिरवा. पुन्हा बसवलं, लाल. सोफ्याच्या मागच्या पायाखाली पिवळी वायर भिंतीला दाबली जात होती. काकांच्या वजनाने सोफा बोटभर मागे सरकायचा, वायरला घडी पडायची आणि उजेड वळणातून बाहेर सांडायचा.

डब्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) आत येणारा प्रकाश किती ते दिसतं. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की डब्याला वाचता येईनासं होतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २५ वरचं गिऱ्हाईक म्हणजे काठावर बसलेलं. गारठा पडला, कोणी वायर हलवली की पडलं. पान बघा, आकडा लिहून ठेवा आणि तक्रार करताना तो सांगा. 'नेट स्लो आहे'पेक्षा आम्हाला त्याने जास्त कळतं. आणि फायबरचं टोक काढून डोळ्याला लावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

*

काकांचं वाचून चहा सांडला.

*

सगळे ५ गिगाहर्ट्झ घ्या म्हणतात, तर त्याचीही एक खोड सांगतो. माझं ५चं नाव दोन-तीन दिवसांतून एकदा यादीतूनच नाहीसं व्हायचं, मिनिटभराने परत. २.४ मात्र जागच्या जागी. राउटरच्या नोंदींत शोधलं तर 'रडार आढळले'. मला वाटलं राउटरला वेड लागलं. बऱ्याच देशांत ५च्या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरने १० सेकंदांत जागा सोडायची, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. नियमच आहे. कधीकधी खरं रडार नसतंच, त्याला भास होतो. स्वयंचलित निवड काढून ३६ वर पक्का केला. तिथे रडारची भानगड नाही.

*

माझ्याकडे नेट जात नव्हतं, आजारी पडायचं. कॉलवर आवाज रोबोटसारखा, पण स्पीड तपासला की ठणठणीत. फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा, आणि मी फोन चार्जिंगला लावायचे नेमका कॉलच्या आधी! अपलोडचा रस्ता भरला की राउटर माहितीची पाकिटं टाकून न देता रांगेत धरून ठेवतो, आणि माझा आवाज त्या रांगेच्या शेवटी. पिंग १८ वरून ९०० वर जाताना डोळ्यांनी पाहिलं. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली, फोटो रात्री दोनला. वरच्या दोन खिडक्यांची युक्ती इथेही कामाला आली. फक्त गप्प होण्याकडे बघू नका, आकडा फुगतो का तेही बघा.

*

रिपीटरबद्दल, म्हणजे वाय-फायची रेंज पुढे ढकलणाऱ्या डबीबद्दल, कोणीच बोललं नाही, म्हणून मी चिडून लिहितो. रेंजचे दांडे पूर्ण आणि वेग अर्धा. एकाच रेडिओचा रिपीटर प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, मग अर्धा वेळ त्यातच जातो. शिवाय लोक तो ठेवतात कुठे? जिथे रेंज येत नाही तिथे! तिथे त्याला तरी कुठून येणार? अर्ध्या वाटेवर ठेवा, नाहीतर सरळ केबल ओढा.

*

वेळ लिहून ठेवा, एवढंच सांगेन. वेल्समधल्या एका खेड्यात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. वायर बदलून झाल्या, तरी तेच. २०२० मध्ये तंत्रज्ञ मोजणीयंत्र घेऊन पहाटे गावात फिरले तेव्हा सापडलं: एका घरातला जुना टीव्ही सातला चालू व्हायचा आणि त्यातून विजेचा गोंगाट लाइनमध्ये घुसायचा. ते वाय-फाय नव्हतं, मान्य. पण 'सात वाजता' ही खूण नसती तर अजून शोधत बसले असते.

*

धागाकर्ती, एक मिनिट चाळीस सेकंद हा आकडा मला खटकतोय. रेंज गेली-आली तर इतकं नेमकं नसतं. राउटर पूर्ण उठायला साधारण तेवढाच वेळ घेतो. त्याच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघा.

*

धागाकर्ती: अपटाइम: ३ तास १२ मिनिटं. मी तर आठवडाभरात बटणाला हात लावलेला नाही! वेळा मागे मोजल्या, बरोबर शेवटचं नेट गेलं तेव्हाची. म्हणजे तो स्वतःच बंद पडून उठत होता.

मग कपाट ओढलं. नवा राउटर आणला तेव्हा जुन्याचाच अडॅप्टर ठेवला होता, कारण प्लग कपाटामागे आणि कपाट पुस्तकांनी भरलेलं. पिन बसली, दिवे लागले, मी खूश. आज टॉर्च लावून दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली. जुना अडॅप्टर: १२ व्होल्ट, १ अँपिअर. नव्या राउटरच्या पोटावर: १२ व्होल्ट, २ अँपिअर. जुना हातात धरवेना इतका गरम, आणि कानाशी नेला तर बारीक किर्र आवाज. संध्याकाळी सगळे घरी आले, दोन्ही पट्टे कामाला लागले की त्याचा दम सुटत असणार. बहुधा जुना राउटरही याच्यामुळेच बदनाम झाला. तो मी देऊनही टाकला.

नवा अडॅप्टर खोक्यातच होता, पिशवी न फोडलेला.

*

खोक्यात! :)

*

अपटाइम सांगत राहा.

*

धागाकर्ती: १९ दिवस, ४ तास. कपाट अजून भिंतीला लावलेलं नाही.